तुम्ही विचारलंत म्हणून: आईसाठी साधा वायरवाला फोन

"आईसाठी साधा वायरवाला फोन घ्यायचाय. कोणता घेऊ आणि लावायचा कसा?" माझ्या आईकडे साताऱ्याला अजून लँडलाइन आहे हे कळलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मोठ्या बटणांचा, स्क्रीन नसलेला, दुकानातला सगळ्यात स्वस्त फोन घ्या. बीटेलचा असो नाहीतर आणखी कुणाचा. लावायचा कसा, हे मात्र तुमच्या भिंतीतून कोणती तार येते त्यावर ठरतं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

फोनच्या खोक्यात दोन वायरी असतात. वेटोळ्याची रिसीव्हरसाठी, चपटी भिंतीसाठी. वेटोळ्याच्या वायरीचं टोक अरुंद असतं, चपटीचं जरा रुंद, त्यामुळे गोंधळ होत नाही. टिक असा आवाज येईपर्यंत आत ढकलायचं. रिसीव्हर उचलायचा, टोन आला की फोन लागला. एवढंच.

आता तार. जुनी लाइन असेल तर भिंतीवर रोझेटची छोटी डबी असते आणि तिच्यात तांब्याच्या दोन बारीक तारा आलेल्या असतात. या दोन तारांवरून नुसता आवाज येत नाही, वीजही येते. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते, तिथून 48 व्होल्टचा डीसी प्रवाह थेट तुमच्या फोनपर्यंत पोचतो. म्हणून तर गावभर लाइट गेली तरी जुना फोन चालायचा. बेल वाजवायला एक्स्चेंज याच तारांवर 75 व्होल्टच्या आसपास एसी सोडतं. रोझेट उघडून वायर लावत असताना नेमका कुणाचा फोन आला तर बोटांना चांगलाच झटका बसतो. आणि तांब्याची लाइन असेल तर विजा कडाडायला लागल्या की चपटी वायर काढून ठेवा. पावसाळ्यात नुसती खरखर येत असेल तर फोन बदलू नका, बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी गेलेलं असतं. ते काम लाइनमनचं.

तांब्यावरच ब्रॉडबँड असेल तर मध्ये स्प्लिटर हवा, म्हणजे आवाज आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी. त्याला लाइन, फोन आणि मोडेम अशी तीन तोंडं असतात. तो न लावता फोन जोडला की बोलताना कानात सतत सूं ऐकू येतं आणि नेटही अडखळतं.

पण हल्ली बहुतेकांकडे तांबं काढून फायबर आलंय, आणि खरी गंमत इथेच आहे. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. फोनला लागणारी वीज आता तुमच्याच घरातला फायबरचा डबा देतो, म्हणजे ज्याला सगळे मोडेम म्हणतात तो. त्याच्या मागे 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असं लिहिलेलं एक भोक असतं, चपटी वायर तिथे जाते. जुन्या रोझेटमध्ये घालून बसलात तर टोन कधीच येणार नाही. टोन नसण्याची मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं एवढीच होती.

म्हणजे लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोनही बंद. "लाइट गेल्यावरही चालावा म्हणून वायरवाला घेतला" असं म्हणणाऱ्यांना हे सांगताना वाईट वाटतं, पण उपाय आहे. डब्याच्या अडॅप्टरवर बहुधा 12 व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. तो मध्ये जोडला की काही तास निभावतं. इन्व्हर्टर असेल तर डब्याचं बटण इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि ज्याने फायबर दिलंय त्याला विचारा की लाइट गेल्यावर त्याच्याकडच्या मशिनला बॅकअप आहे का. वाटेत खांबांवर ज्या पेट्या दिसतात त्यांना बहुतेक ठिकाणी वीज लागत नाही. लागते ती दोन टोकांना. आपलं टोक आपण सांभाळायचं, दुसऱ्याचं निदान विचारून ठेवायचं. माझ्या मते फोनपेक्षा या यूपीएसवर खर्च करावा.

फोनच्या बुडाला किंवा बाजूला पी (पल्स, जुन्या तबकडीची पद्धत) आणि टी (टोन, बटणांची पद्धत) अशी छोटी कळ असते. ती टीवर ठेवा. फ्लॅश नावाचं बटण लाइन क्षणभर तोडतं, म्हातारी माणसं ते रीडायल समजून दाबतात आणि मग "फोन आपोआप कट होतो" अशी तक्रार येते. मी आईच्या फोनवर त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकलीय. दिसायला वाईट दिसतं, चालतं.

मग शून्याचा विषय. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबावं लागतं. आईच्या वहीत सगळ्यांचे मोबाइल दहा आकडी लिहिलेले, त्यामुळे ती लावायची आणि पलीकडून बाई शून्य लावा म्हणून सांगायची. आई तिला "अगं, लावला की नंबर!" म्हणून उत्तर द्यायची. शेवटी एका पुठ्ठ्यावर रोजचे नंबर मोठ्या अक्षरात लिहिले, प्रत्येक मोबाइलच्या आधी लाल शून्य काढलं आणि फोनच्या वर टांगलं. गावातल्या लँडलाइनला मात्र शून्यही नको आणि 02162 ही नको, नुसते सहा आकडे पुरतात. म्हणून तिच्या मैत्रिणींचे नंबर वेगळ्या, निळ्या शाईत आहेत.

आणखी एक, जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं: क्रोशाचा रुमाल. आमच्याकडे फोनवर तो असायलाच हवा. त्याची झालर रिसीव्हरखाली गेली की खालची कळ पूर्ण दबत नाही, लाइन उचललेलीच राहते आणि बाहेरच्यांना दिवसभर एंगेज टोन. आई दुपारभर फोन उचलत नाही म्हणून शेजारच्या काकूंना धावत पाठवण्याआधी त्यांना सांगा, "काकू, जरा रुमाल बघता का?" आमच्याकडे तो आता फोनखाली अंथरलाय. वाटाघाटींनंतर.

कॉलर आयडीचा फोन का नको, असंही विचारतात. हवाच असेल तर घ्या, पण त्यातल्या बऱ्याच फोनना स्क्रीनसाठी पेन्सिल सेल लागतात. ते वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही, सेल गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात. शिवाय आईला कोणाचा फोन आहे ते "कोण बोलतंय?" विचारून कळतंच.

राहिला आजोबांचा काळा, तबकडीचा, आयटीआयचा (म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीचा) फोन. तो लावता येईल का? तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजने चालू दिलं तर येईल. तबकडी लाइन तोडून तोडून आकडे मोजते, एकला एकदा, शून्याला दहादा. फायबरच्या अनेक डब्यांना ही भाषा कळतच नाही. आलेला फोन उचलून बोलता येईल, लावायला मात्र शेजारी बटणांचा दुसरा जोडावा लागेल.