रूबीचं मॉड्यूल नेमकं बसतं कुठे?

आम्ही रूबी या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. नवीन कुणी आमच्या टीममध्ये आलं की मी त्याला आधी रूबीला इंटिजर (पूर्णांक) क्लासचे अ‍ॅन्सेस्टर्स (मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला सांगता येणारं काम, ज्या रांगेत शोधली जाते ती रांग) विचारायला लावतो. उत्तरात इंटिजर, न्यूमेरिक, कम्पेरेबल, ऑब्जेक्ट, कर्नल, बेसिकऑब्जेक्ट अशी नावं ओळीने येतात. यातली कम्पेरेबल आणि कर्नल ही मॉड्यूल्स, म्हणजे क्लासला जोडता येणारे मेथडचे संच, आहेत. स्क्रीनवर मजकूर छापायला रोज वापरतो तो पुट्स कर्नलमधूनच येतो.

मॉड्यूल इन्क्लूड केलं, म्हणजे क्लासला जोडलं, की त्यातल्या मेथड क्लासमध्ये कॉपी होतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. रूबी ते मॉड्यूल क्लास आणि त्याचा सुपरक्लास (तो ज्याचा वंशज आहे तो क्लास) यांच्या मध्ये बसवते आणि मेथड शोधताना त्याच रांगेने वर जाते. पडताळून बघायचं तर आधी त्या क्लासचा ऑब्जेक्ट (क्लासपासून बनलेली वस्तू) तयार करा आणि मग मॉड्यूलमध्ये एखादी मेथड वाढवा. जुन्या ऑब्जेक्टलाही ती मिळते!

आम्ही दूध संस्थांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात दुधाच्या नमुन्याचा एक क्लास आहे. आधी फॅट बघायचं, ते सारखं असेल तर एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), एवढी तुलना आम्ही स्पेसशिप ऑपरेटरमध्ये (<=>, दोन गोष्टींची तुलना करणारं चिन्ह) लिहिली आणि कम्पेरेबल इन्क्लूड केलं. लहान-मोठं, बिट्वीन, क्लॅम्प हे सगळं आपोआप मिळालं. एका पाळीच्या संकलनाला फक्त ईच (एकेक नमुना पुढे देणारी मेथड) लिहून एन्युमरेबल जोडलं, तर मॅप, सिलेक्ट, मिनमॅक्स आले. नमुन्याला संकलनाचा वंशज करायची गरजच पडली नाही. रूबीत सुपरक्लास एकच असतो, पण मॉड्यूल्स हवी तितकी घेता येतात. रूबीचे निर्माते मात्सुमोतो यांनी केलेली ही निवड मला मनापासून आवडते.

क्रम मात्र नीट समजून घ्या. क्लासमध्ये स्वतःची मेथड असेल तर इन्क्लूड केलेल्या मॉड्यूलची त्याच नावाची मेथड मागे राहते. वेगवेगळ्या ओळींवर दोन मॉड्यूल्स इन्क्लूड केली तर नंतरचं आधी सापडतं. क्लासच्याही पुढे उभं राहायचं असेल तर प्रीपेंड वापरायचं. ते 2013 साली रूबी 2.0 मध्ये आलं. दर काढणाऱ्या मेथडभोवती नोंद ठेवायला आम्ही तेच वापरतो: आत सुपर (रांगेतल्या पुढच्या, म्हणजे मूळ मेथडला हाक), आधी-नंतर लॉग. मूळ कोडला हात लावावा लागत नाही. एक्स्टेंड त्या एकाच ऑब्जेक्टपुरतं चालतं, आणि क्लासलाच एक्स्टेंड केलं तर त्या क्लासला मेथड मिळतात.

एखादी मेथड कुठून आली हे कळेनासं झालं तर फाइल्स धुंडाळत बसू नका. मेथड ऑब्जेक्ट घ्या आणि त्याला ओनर विचारा. सुपर कुठे जाणार हे हवं असेल तर त्यालाच सुपर_मेथड विचारा.