सरासरी शेतकरी शिरोळात भेटत नाही

रविवार, रात्र

आज पुन्हा तेच गणित घेऊन बसले. ऊस सोडून सोयाबीन करणाऱ्याला एकरी अनुदान दिलं, तर किती जण वळतील? कोल्हापूर जिल्ह्याचा एकच सरासरी शेतकरी धरला की उत्तर झटकन येतं: अमुक रकमेपर्यंत कुणी हलत नाही आणि रुपया वाढवला की अख्खा जिल्हा सोयाबीन पेरतो. असं कुठं होतंय का?

युरोपीय संघाच्या २०१३ च्या शेती-धोरण सुधारणांत अनुदानासाठी असा नियम होता: १० हेक्टरच्या आत पेरणीची जमीन असेल तर सूट, १० ते ३० हेक्टरला किमान दोन पिकं, त्यावर तीन. आता ५ आणि ३५ हेक्टरची दोन शेतं घ्या. सरासरी २०, म्हणजे दोन पिकं. प्रत्यक्षात एकाला सूट, दुसऱ्याला तीन पिकांची सक्ती. सरासरीला लागू होणारा नियम दोघांपैकी कुणालाच लागत नाही! तिथल्या संशोधकांनी मग हजारो शेतांचं एकेक करून गणित मांडलं, ते उगाच नाही.

कृषी अर्थतज्ज्ञ रिचर्ड हॉविट यांनी १९९५ मध्ये मांडलेली रीत मला फार आवडते. शेतकऱ्यानं जे पेरलंय ते त्याच्या दृष्टीनं बरोबर आहे असं धरायचं आणि आपल्या हिशेबात न दिसणारा खर्च उलट शोधायचा. शेतकऱ्याला अडाणी ठरवण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

पण तो न दिसणारा खर्च आपल्याकडं कशाचा? शिरोळच्या काकांना विचारलं. म्हणाले, "सोयाबीन चार दिस पाण्यात राहिलं की गेलं. उसाचा शेंडा वर असंल तर तग धरतोय." शिवाय उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, आहे, सोसायटीचं कर्ज बिलातून परस्पर वळतं होतं. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो मिळेलच असं नाही.

मॉडेलमध्ये हे सगळं एकाच आकड्यात दडपलं जातं आणि तो आकडा उद्याही तोच राहील असं आपण गृहीत धरतो. उद्या हमीभावानं खात्रीची खरेदी सुरू झाली तर तो बदलणारच. आणि अडचण महापुराची असेल तर अनुदान वाढवून काय उपयोग?

उद्या प्रश्नावलीत तीन रकाने वाढवायचे: नदीपासून अंतर, सोसायटीची बाकी, घरात राबणारी माणसं.