घोडं अडलं कुठं?

परवा रात्री साडेअकराला आमच्या चौकात नाकाबंदी होती. हवालदारांनी काच खाली करायला लावली आणि ते नळीचं यंत्र तोंडापुढं धरलं. "फुंका. अजून. अजून जोरात." कोकम सरबतापलीकडं पोटात काही नव्हतं, तरी छातीत धडधडलंच. तेवढ्यात पलीकडून एक वरात आली. घोडीवर नवरदेव, घोडीच्या कपाळावर लुकलुकणारे दिवे आणि पुढं नाचणाऱ्यांत धड उभा राहू शकेल असा एकही नाही. नवरदेवसुद्धा डावीकडं जरा जास्तच कलला होता. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "काका, त्यालापण फुंकायला सांगा की!"

हवालदार हसले. "घोडीला नंबर प्लेट असती तर सांगितलं असतं बघा."

कायदाही साधारण हेच म्हणतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १८५वं कलम १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की चालकाला धरतं. पण मोटार वाहन म्हणजे यंत्राच्या जोरावर चालणारं. घोडी चालते चंदीवर. म्हणून स्वार अगदीच मोकळा सुटला असंही नाही. दंड संहितेच्या २७९व्या कलमात बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याच्या शेजारी बेदरकार स्वारी करणाराही १८६० सालापासून बसला होता. आता न्याय संहितेत त्या कलमाचा आकडा २८१ झाला, पण गडी काही खाली उतरलेला नाही. मात्र तिथं गुन्हा बेफामपणाचा. पिऊन शांतपणे डुलत चाललेल्याचं काय करायचं, ते हे कलम सांगत नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या घरी असला घोळ ठेवला नाही. त्यांच्या १८७२च्या दारूविक्री परवाना कायद्यात गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असताना रस्त्यावर झिंगलेला सापडला तर ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत तुरुंग, असं एका दमात लिहून टाकलं होतं. त्याच दमात भरलेली बंदूकही आहे. हे कलम तिथं अजून जिवंत आहे. १९५०मध्ये तर दारू पिऊन सायकल नुसती हातानं ढकलत नेणाऱ्या एका गृहस्थाला तिथल्या न्यायालयानं यातच बसवलं. सायकल म्हणजेही गाडीच, म्हणाले. ढकलणारा झिंगलेला असला तरी सायकल बिचारी सरळ चालली असेल, असा बचाव कुणी केला का कोण जाणे.

खरं घोडं अडलं ते अमेरिकेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात घोडेस्वाराला गाडीचालकाचे सगळे नियम लागू होते, फक्त 'स्वभावतःच लागू होऊ न शकणारे' सोडून. मग दारूचा नियम लागू की नाही? २००४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे इतकं मोघम आहे की त्यावरून कुणाला शिक्षा देता येणार नाही. एक न्यायमूर्ती, ईकिन, यांना ते पटलं नाही. त्यांनी आपलं विरोधी मत टीव्हीवरच्या एका जुन्या बोलक्या घोड्याच्या शीर्षकगीताच्या चालीवर चक्क पद्यात लिहिलं. निकालपत्रं वाचायला मला एरवी जिवावर येतं, पण हे मी दोनदा वाचलं.

घोड्याच्या बाजूनं लोक म्हणतात ते एकच: मालक प्यायलाय, घोडा थोडाच प्यायलाय? मोटारीला अक्कल नसते, घोडा भिंतीवर जाऊन आदळत नाही, तो बरोबर घरी आणून सोडतो. मलाही हे पटायचं. पण आजीची गोष्ट आठवली की जरा शंका येते.

आजी मिरजेची. सणावारी टांग्यानं देवळात जायची. टांगेवाला ठरलेला, घोडंही ठरलेलं. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा येऊन काही वर्षं झाली होती, म्हणजे सगळं सोवळं. त्या सकाळी आजी आरतीचं ताट मांडीवर घेऊन मागं बसलेली, निरांजन पदराआड. "मावशी, जरा पुढं सरका, टांगा उलार होतोय," एवढं बोलून टांगेवाल्यानं लगाम सैल सोडला. एका बोळाच्या तोंडाशी घोडं आपोआप वळलं आणि एका बंद दारासमोर उभं राहिलं. च् च् झालं, चाबूक झाला, घोडं ढिम्म. घुंगराचा आवाज ऐकून दार वीतभर उघडलं आणि फटीतून फक्त एक हात बाहेर आला. हातात पितळेचा पेला, काठोकाठ.

टांगेवाला मान खाली घालून पुटपुटला, "आज नको, सवारी आहे." हात आत गेला. घोडं तरी हलेना. रोज मालक आत जाऊन बाहेर आल्याशिवाय निघायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. शेवटी टांगेवाला उतरला, दाराआड गेला, तोंड न लावता परत आला, असं तो म्हणाला, आणि मगच घोड्यानं देवळाची वाट धरली.