बातमीतलं औषध आमच्या पेशंटला चालेल का?

कॅन्सरच्या संशोधनाबद्दल सोप्या भाषेत बोलणं हे माझं काम. व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास मोबाईल पुढे करतं: "नवं औषध सापडलंय म्हणे. आमच्या पेशंटला चालेल का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागे एका मुलाने दाखवलेली बातमी आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच वाचली. मथळा होता कॅन्सरवर मात केल्याचा. खाली सरकत गेलो, तर अगदी शेवटी एक शब्द होता, 'उंदरांवर'. त्याचा अंगठा तिथेच थांबला. तो मथळा देणाऱ्याचा मला फार राग आला. उंदरात गाठ विरघळवणारी बहुतेक औषधं माणसांवरच्या चाचण्यांत टिकत नाहीत, हे वडिलांच्या उशाशी बसलेल्या मुलाला आधी कळायला हवं होतं.

आणि औषध माणसात टिकलं, तरी कोणत्या कॅन्सरवर ते पाहावं लागतं. इमॅटिनिब ही गोळी घ्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमधलं बिघडलेलं गुणसूत्र 1960 मध्ये दिसलं. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारी ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली 2001 मध्ये. आज तशा गोळ्यांवर असंख्य पेशंट जवळजवळ इतरांइतकंच जगतात. पण सगळ्या कॅन्सरांवर ती चालत नाही. पचनमार्गातल्या 'जिस्ट' नावाच्या गाठीवर मात्र चालते, कारण तिथे बिघडलेलं प्रथिनही तिला अडवता येतं. म्हणून डॉक्टरांना औषधाचं नाव सांगण्याआधी विचारा, "आमच्या गाठीत नेमका बिघाड कोणता? त्याची तपासणी झालीय का?"

एका संशोधनाची बातमी मात्र मला आजवर कुणीच दाखवलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये आजार पसरलेल्या, केमो चालू असलेल्या 766 पेशंटचा अभ्यास झाला. काहींना मळमळ, वेदना, धाप असे त्रास वेळोवेळी संगणकावर नोंदवायला सांगितलं. त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. बाकीच्यांची देखभाल नेहमीसारखी. 2017 मध्ये निष्कर्ष आले: नोंद करणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, 31.2 महिने, दुसऱ्या गटाचं 26. नवं औषध एकही नव्हतं. त्रास वेळेवर कळला आणि कुणीतरी लगेच हालचाल केली, एवढंच.

त्या मुलाला मी हे सांगितलं आणि वडील कसे आहेत ते विचारलं. केमोनंतर चार दिवस उलट्या होत होत्या. "डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, पुढच्या तारखेला सांगू," असं वडील म्हणाले होते. त्याने बातमी बंद केली आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला.