तुम्ही विचारलंत म्हणून: अबिगेलबाईंना घरच्यांची साथ होती का?

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी चाळीस वर्षे झगडणाऱ्या अबिगेल स्कॉट डनिवे यांना घरच्यांची साथ होती का, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्याला होय किंवा नाही एवढेच हवे असते; मला मात्र आधी त्यांच्या नवऱ्याच्या सहीची गोष्ट सांगावी लागते.

१८५२ मध्ये स्कॉट कुटुंब इलिनॉयहून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेकडे निघाले, तेव्हा प्रवासाची रोजनिशी लिहिण्याचे काम वडिलांनी सतरा वर्षांच्या अबिगेलवर सोपवले होते. त्याच वाटेवर आई पटकीने गेली आणि पुढे धाकटा भाऊही गेला. पुढच्या वर्षी तिने ऑरेगनमध्येच बेन डनिवे यांच्याशी लग्न केले. गृहस्थ भला, पण भिडस्त. मित्राच्या कर्जाला तो जामीन राहिला, त्यात शेत गेले. बायकोच्या संमतीची कायद्याला गरजच नव्हती. पुढे अपघातात तो जायबंदी झाला आणि संसाराचा भार अबिगेलबाईंवर आला. त्यांनी शाळा चालवली, मग ऑल्बनी गावात बायकांच्या टोप्यांचे दुकान थाटले. तिथे येणारी गिऱ्हाइके आपली दुखणी सांगत. एकीने मुलींच्या कपड्यांसाठी लोणी विकून जमवलेले पैसे नवऱ्याने परस्पर शर्यतीच्या घोडीवर घातले होते. बायकांना मत मिळाल्याशिवाय हे बदलणार नाही, असे बोलून दाखवले ते बेननेच, असे बाईंनी आठवणींत लिहून ठेवले आहे.

१८७१ मध्ये त्यांनी पोर्टलंडला ‘न्यू नॉर्थवेस्ट’ साप्ताहिक काढले आणि मुलगे छापखान्यात खिळे जुळवू लागले. त्याच शहरातल्या ‘ऑरेगोनियन’ या बड्या दैनिकाचे संपादक होते हार्वी स्कॉट, म्हणजे त्याच तांड्यातून आलेले त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, आणि स्त्रीमताधिकाराचे कट्टर विरोधक. १९०० मध्ये प्रस्ताव दोन हजारांच्या आसपास मतांनी पडला, तेव्हा बाईंनी दोष भावाच्या वर्तमानपत्राला दिला. मला त्यात तथ्य वाटते, जरी बाई स्वतःही भांडायला कुणाला कमी नव्हत्या.

ऑरेगनच्या मतदारांनी पाच वेळा नकार दिला. बेन १८९६ मध्ये वारले, हार्वी १९१० मध्ये. १९१२ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला आणि राज्यपालांच्या विनंतीवरून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अबिगेलबाईंनी त्याचा जाहीरनामा स्वतःच्या हाताने लिहून काढला. त्यावर राज्यपालांच्या सहीबरोबर त्यांचीही सही आहे.