शिट्टीला घाम

परभणीत डिसेंबरात पारा १० अंशांच्या खाली गेला की माझ्या टिन व्हिसलचा गळा बसतो. टिन व्हिसल म्हणजे तोंडात धरून वाजवायची, सहा भोकांची पत्र्याची किंवा पितळी बासरी. धून सुरुवातीला बरी निघते. मग सूर घोगरा होतो, खालचा वाजवावा तर वरच्या सप्तकातला किंचाळतो आणि शेवटी नुसती हवा. शेजारच्या काकूंचं निदान ठरलेलं : "वाजवायलास का थुंकायलास रे?"

थुंकी नाही हो. म्हणजे थोडी असेल, पण बहुतेक सगळी वाफ. श्वास निघतो ३४ अंशांच्या आसपास, ओलाव्यानं भरलेला. तोंडाकडच्या भागात हवेची वाट जेमतेम मिलिमीटरभर उंच. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसे त्या गार भिंतींना थेंब धरतात, आणि एवढ्याशा फटीत एक थेंबही वाट अडवायला पुरतो. आपली आडवी बासरी यातून सुटते. तिला ही फटच नाही. पाणी आतून ओघळलं तरी सूर चालू.

पुरावा हवा तर मे महिन्यात या. दुपारी चाळिशीपार खोलीत नळी श्वासाहून तापलेली असते, वाफ बसणार कुठे? वाजवणारा तोच, फुंकर तीच, तरी शिट्टी कोरडी. थुंकीला ऋतू कळत नाहीत.

थंडीत आधी तोंडाकडचा भाग मुठीत किंवा काखेत धरून ऊब द्यायची. (काखेचं काकूंना सांगितलेलं नाही.) तरी अडलीच तर हवा बाहेर पडते ती खिडकी बोटानं झाकून जोरात फुंकायचं, थेंब उडतो आणि कर्कश आवाजही होत नाही. पिन मात्र घालू नये. खिडकीच्या धारेला ओरखडा गेला की सूर कायमचा बिघडतो.

सगळ्यात गुणाचा उपाय भांड्यांच्या साबणाचा. पाण्यात थेंबभर मिसळून प्लास्टिकचं तोंड त्यात बुडवायचं आणि न पुसता वाळू द्यायचं. मग पाण्याचे मणी धरत नाहीत, ते पातळ पसरून वाहून जातं. पहिल्या धुनेला लिंबाची चव येते, तेवढं चालवून घ्यावं. रॉबर्ट क्लार्कनं १८४३ मध्ये इंग्लंडात बनवायला घेतलेल्या घाटाच्या शिट्टीत लाकडी गुट्टी असते. ती मात्र भिजवायची नाही. लाकूड फुगलं की वाटच बुजते.