पांढरा साका

"ताई, तुम्ही येता अकरा वाजता. मासा मरतो पहाटे."

सोमेश्वरवाडीच्या पुलाजवळ रोज फिरायला येणारे एक आजोबा मार्चमधल्या एका सकाळी मला म्हणाले. मी तेव्हा रामनदीत पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब बुडवून उभी होते आणि आकडा 6.2 दिसत होता.

रामनदी पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरात उगम पावते. भूगाव, बावधन, पाषाण तलाव, बाणेर असं करत औंधजवळ मुळेला मिळते. पावसाळा सोडला तर तिच्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणी. आमची छोटी संस्था नऊ वर्षं पाच ठिकाणी, महिन्यातून दोनदा हे पाणी तपासते आणि सगळे आकडे खुले ठेवते. त्या नऊ वर्षांत पुलाजवळचा विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे दोन मिलिग्रॅमवरून सहाच्या पुढे गेला होता. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष किमान 5 चा आहे. प्रभागाच्या बैठकीत मीच तो आलेख दाखवून "नदी सावरतेय" असं सांगितलं होतं.

आजोबांचं बोलणं डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी सव्वापाचला टॉर्च घेऊन पुलाखाली उतरले. आजोबा आधीच आले होते. डोहात चिलापी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, अगदी काठापर्यंत. प्रोब टाकला. 0.3.

प्रोबच्या टोकाचं मेंब्रेन, म्हणजे पातळ पडदा, फाटलं असणार, असंच वाटलं. बदललं, पुन्हा कॅलिब्रेट केलं. तरी 0.3. मग पेटीतून काचेची बाटली काढली आणि जुनी विंकलरची पद्धत केली. बुडबुडा राहू न देता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. जितका जास्त, तितका गडद. त्या पहाटे साका पांढराच राहिला. हे मी शेकडो वेळा केलंय, पण नदीच्या पाण्यात पांढरा साका कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे काहीच नाही?" आजोबांनी विचारलं.

"काहीच नाही, आजोबा."

मी दिवसभर तिथेच बसले. दर तासाला मोजत राहिले. आठ वाजता 1.9, अकराला 6.1, साडेतीनला 11.8. पुण्याच्या उंचीवर, पंचवीस अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे जेमतेम पावणेआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. वरचा सगळा शेवाळाचा. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते पोसतं, उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री जिवाणूंच्या बरोबरीने तोच ओढून घेतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी अकराचा आकडा बघून मी नदीला बरी म्हणत होते.

संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक नोंदीच्या कडेला पेन्सिलने वेळ लिहिलेली. सुरुवातीची वर्षं सात, सव्वासात, कारण तेव्हाचे सहकारी पाषाणलाच राहायचे. मग काम माझ्याकडे आलं. मी हडपसरहून निघायची. रहदारी वाढत गेली तशी वेळ नऊ, साडेदहा, अकरा अशी सरकली. आलेख चढला होता तो माझ्या उशिरामुळे.

खुल्या फाइलमध्ये वेळेचा रकानाच नव्हता. टाइप करताना तो मीच गाळला होता. सगळं सकाळचंच तर आहे, म्हणून. सहा महिन्यांपूर्वी एका विद्यार्थिनीने ईमेलवर विचारलं होतं, नमुना नेमका किती वाजता घेता? मी उत्तर दिलं होतं, सकाळी. त्या एका शब्दाचं मला आजही वाईट वाटतं.

हजारावर नोंदींच्या वेळा टाइप करायला तीन आठवडे गेले. जुनी फाइल काढून टाकली नाही, कारण तिच्यावरून कुणी काही लिहिलं असेल तर त्याला मूळ सापडायला हवं. तिच्या माथ्यावर चूक स्पष्ट लिहिली आणि वेळेसकट नवी आवृत्ती शेजारी ठेवली. एकाच तासाच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर सुधारणा दिसत नाही. त्या विद्यार्थिनीला सगळ्यात आधी कळवलं, मग ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना. बैठकीतले एक गृहस्थ म्हणाले, "आधीचा आलेखच बरा होता." त्यांना मी पहाटे पुलाखाली यायला सांगितलं. ते आले नाहीत.

आता महिन्यातली एक फेरी उजाडण्यापूर्वीची असते. जुलैत नदी भरून वाहायला लागल्यावर पहिल्यांदा बाटलीत तपकिरी साका बसला. आजोबांनी तो टॉर्चसमोर धरून बराच वेळ पाहिला. मी वहीत आधी वेळ लिहिली, 5:40, आणि मग आकडा.